अडीच मिलीलिटर

थंडर बेच्या चर्चखाली, तळघरात,
आयला कोस्केला रात्री साडेआठला
पाळणाघराचे औषधांचे नियम पुन्हा लिहायला बसली आहे.
खुर्ची चार वर्षांच्या मुलांची.
गुडघे जवळजवळ हनुवटीला.
बाहेर उणे सत्तावीस,
आणि सरोवरावरून आलेला वारा
धान्याच्या रिकाम्या कोठारांना बोचकारतो आहे.

पहिलं वाक्य तिनं तीनदा खोडलं.
‘मूळ बाटली व लेबल नसल्यास
कोणतेही औषध स्वीकारू नये.’
बरोबर आहे. तपासनिसांना हवं तसंच आहे.
पण या वाक्यात रूबेन कुठेच दिसत नाही.

कागद गिरणीतली रात्रपाळी उरकून
सव्वासातला दारात उभा होता तो,
एका हाताला एल्सी, कान दुखतोय म्हणून वाकडी मान करून,
दुसऱ्या हातात जॅमची छोटी बरणी,
तळाशी गुलाबी औषध.
‘बाटली आजीकडे. दुपारी ती तिथे असते ना. अर्धं अर्धं केलं.’
‘आणि लेबल?’
‘लेबल कसं अर्धं करणार?’

आयला नाही म्हणाली.
त्यानं वाद घातला नाही, तेच वाईट.
बरणी खिशात, पोर खांद्यावर,
आणि आल्या पावली परत बर्फात.
त्या दिवशी तो झोपला नसणार.
रात्री यंत्रापाशी त्याच्या पापण्या
कुणी धरून ठेवल्या असतील,
याला फॉर्मात रकाना नाही.

लोक म्हणतात, आयला ताकसुद्धा फुंकून पिते.
दूध कुठलं होतं, ते कुणी विचारत नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी, याच ओट्यापाशी,
पेटर नावाचं दहा महिन्यांचं बाळ,
आणि त्याच्या आईनं घाईत लिहिलेली चिठ्ठी: २.५
त्यावर कुणाचा तरी ओला हातमोजा पडला.
ठिपका तेवढा विरघळला.
अडीचचे पंचवीस झाले.
आयलानं भरलं. एकदा पाच, दुसऱ्यांदा पाच.
तिसऱ्या वेळी सूप ढवळणाऱ्या ओल्हा ह्रिन्किवनं
डाव न थांबवता मागे पाहिलं,
‘एवढं? एवढ्याशा जिवाला?’

काहीच घडलं नाही.
पेटर आता बर्फ काढायचा ट्रक चालवतो,
पहाटे तिला ओळखून हॉर्न देतो,
आणि ती दर वेळी दचकते.
ते काहीच-न-घडलेलं
ती सव्वीस वर्षं सांभाळते आहे,
जसं कुणी मुठीत पाणी.

म्हणून: आकडा अक्षरांतही लिहावा.
म्हणून: मात्रा भरताना दुसऱ्या व्यक्तीनं पाहावं.
वरून आलेल्या नमुन्यात ‘प्रशिक्षित व्यक्ती’ असं आहे.
इथे पेन अडतं.
ओल्हाकडे कसलंच प्रमाणपत्र नव्हतं.
होता तो डाव, आणि मागे वळून पाहायची खोड.
खोडीला नियमात कसं बसवायचं?

साडेनऊ. हीटर कण्हतो.
कपाटाला कुलूप आहे, किल्ली मुलांच्या हातांच्या वर,
आणि आता तिच्याही, या खुर्चीतून.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्या तानिसला तिनं आज विचारलं होतं.
‘दुसरी बाटली? दुसरं लेबल? देतो की आम्ही.
मागितलं तर.’
मागितलं तर.
रूबेनला हे कोण सांगणार होतं?
तीच. दारात. सव्वासातला.
तिला तरी कुठे ठाऊक होतं.

मग खोडलेल्या वाक्याखाली,
तपासनिसांना आवडो न आवडो, ती लिहिते:
‘नाही म्हणण्याआधी दुकानात फोन करावा.
पालकांना आत, उबेत बसवावं. तोवर मुलाला आपण घ्यावं.’

शेवटी टिंब.
आणि जुन्या सवयीनं
अंगठा ओला करून ती ते चोळून पाहते,
पुसतं का.